चौदाची मुभा, सातात शोभा!

गोल्फ शिकायचं ठरलं की पहिला प्रश्न पडतो तो सामानाचा. दुकानात भिंतभर चकाकणारे क्लब, प्रत्येकावर वेगळा आकडा, चेंडूंच्या डब्यांवर अगम्य माहिती. त्यात कुणीतरी सुचवतं, "घ्यायचाच तर पूर्ण सेट घ्या!" जरा थांबा. पाकिटाला हात घालण्याआधी या खेळाच्या सामानाच्या काही भन्नाट गोष्टी वाचा. राजे, दंतवैद्य, अंतराळवीर आणि चेंबूरची पोरं, सगळेच यात आहेत. आणि प्रत्येकाकडून नवख्या खेळाडूला घेण्यासारखं काहीतरी आहे.

बंदी घालणारा राजाच गिऱ्हाईक

१४५७ साली स्कॉटलंडचा राजा दुसरा जेम्स याने गोल्फवर बंदी घातली. लोक खेळात रमतात आणि तिरंदाजीचा सराव बुडवतात, ही त्याची तक्रार. १४९१ मध्ये चौथ्या जेम्सने तीच बंदी पुन्हा जाहीर केली. पण १५०२ साली याच चौथ्या जेम्सने पर्थ गावच्या धनुष्य बनवणाऱ्या कारागिराकडून गोल्फचे क्लब विकत घेतले! गोल्फच्या सामानाची ही पहिली नोंदवलेली खरेदी मानली जाते. कारागीर धनुष्याचा का? लाकूड किती लवतं आणि किती जोराने परत उसळतं, हे त्याच्याइतकं कुणाला कळणार!

*खरेदीची खूण:* राजा जाणकाराकडे गेला, तुम्हीही तसंच करा. दुकानाआधी ड्रायव्हिंग रेंज, म्हणजे सरावाचं मैदान गाठा, कोचकडून दोन-चार धडे घ्या, रेंजवरचे क्लब वापरून पाहा. आपला स्विंग कसा आहे हे थोडं कळल्यावर केलेली खरेदी सहसा फसत नाही.

चौदाच का?

नियम सांगतो की पिशवीत जास्तीत जास्त १४ क्लब ठेवता येतात. पूर्वी अशी मर्यादाच नव्हती. १९३४ आणि १९३५ अशी दोन्ही वर्षं अमेरिका आणि ब्रिटन या दोन्ही देशांची हौशी विजेतेपदं जिंकणारा लॉसन लिटल वीसहून अधिक क्लब घेऊन मैदानात उतरायचा. प्रत्येक फटक्याला वेगळा क्लब! पिशवी वाहणाऱ्या बिचाऱ्या कॅडीच्या खांद्याचा विचार कोण करणार? शेवटी १९३८ मध्ये अमेरिकेने आणि पुढच्याच वर्षी ब्रिटनने १४ चा आकडा पक्का केला.

हा नियम मोडला की फटका बसतो, तोही मोठ्या स्पर्धेत. २००१ च्या ब्रिटिश ओपनमध्ये शेवटच्या दिवशी इयान वूस्नम आघाडीच्या झुंजीत होता. दुसऱ्या होलच्या सुरुवातीला लक्षात आलं की पिशवीत दोन ड्रायव्हर आहेत, म्हणजे एकूण १५ क्लब. दोन फटक्यांचा दंड झाला.

*खरेदीची खूण:* नियमात कमाल मर्यादा आहे, किमान नाही. १४ भरलेच पाहिजेत, असं कुठेही लिहिलेलं नाही.

सात क्लब आणि वीस वर्षांचा विक्रम

१९१६ ची अमेरिकन ओपन. शिकागोचा हौशी खेळाडू चिक इव्हान्स पिशवीत फक्त सात क्लब घेऊन आला आणि जिंकून गेला. चार फेऱ्यांतली त्याची २८६ ही फटक्यांची संख्या त्या स्पर्धेत १९३६ पर्यंत कुणालाही मागे टाकता आली नाही. म्हणजे सात क्लबांचा विक्रम तब्बल वीस वर्षं टिकला, आणि तेव्हाचे क्लब आजच्याइतके चुका सांभाळून घेणारेही नव्हते.

*खरेदीची खूण:* नवख्याचे सात असे निवडा: एक ५ नंबरचा वुड, एक हायब्रिड, ७ आणि ९ नंबरचे आयर्न, एक पिचिंग वेज, एक सँड वेज आणि एक पटर. दुकानात याला 'हाफ सेट' म्हणतात. क्लब कमी असले की प्रत्येकाशी ओळख लवकर होते. ड्रायव्हर नंतर घेतला तरी चालतो. सगळ्यात लांब दांड्याचा हा क्लब शिकायला सगळ्यात अवघड असतो.

एका आयर्नवर घडलेला विजेता

स्पेनच्या पेद्रेन्या गावच्या समुद्रकिनाऱ्यावर एक पोरगा एकाच क्लबने गोल्फ शिकला. क्लब होता ३ नंबरचा आयर्न, आयर्नमधला अत्यंत कठीण क्लब. उंच फटका, बुटका फटका, वाळूतला फटका, सगळं त्याच एका क्लबने. तो पोरगा म्हणजे सेवे बालेस्टेरोस. पुढे त्याने तीन ब्रिटिश ओपन आणि दोन मास्टर्स जिंकल्या. अशक्य वाटणाऱ्या जागेवरून चेंडू बाहेर काढण्याची त्याची हातोटी किनाऱ्यावरच्या त्या सरावातून आली.

सळई वाकवली, क्लब झाला

सेवेची गोष्ट स्पेनची, पण तितकीच जबरदस्त गोष्ट आपल्या मुंबईत आहे. चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबच्या शेजारच्या वस्तीतली, कॅडीचं काम करणारी मुलं. क्लब विकत घेणं आवाक्याबाहेरचं. मग बांधकामाची लोखंडी सळई घेतली, टोक वाकवलं, चपटं केलं, दुसऱ्या टोकाला पकड बसवली. चेंडू प्लॅस्टिकचा, आणि मैदान म्हणजे वस्तीतल्या बोळी. त्यांचा हा खेळ टिपायला परदेशातून छायाचित्रकार आले.

*खरेदीची खूण:* जुने क्लब घेण्यात कमीपणा काहीच नाही. आयर्न वर्षानुवर्षं टिकतात. चांगल्या अवस्थेतला जुना सेट हा नवख्यासाठी बऱ्याचदा सगळ्यात शहाणा सौदा ठरतो. घेताना तीन गोष्टी तपासा: क्लबच्या तोंडावरच्या रेषा झिजलेल्या नाहीत ना, दांड्यावर चीर नाही ना, आणि डोकं हलत नाही ना. पकडीचं रबर कडक झालेलं असेल तर काळजी नको, ग्रिप बदलता येते.

आकडा वाढला, अंतर घटलं

क्लबवरच्या आकड्यांचं गणित उलटं आहे. नंबर जितका मोठा, तितका क्लबचा चेहरा आकाशाकडे जास्त कललेला, दांडा आखूड, चेंडू उंच आणि अंतर कमी. या कलाला 'लॉफ्ट' म्हणतात. एका आयर्नपासून पुढच्या आयर्नपर्यंत दांडा साधारण अर्ध्या इंचाने आखूड होत जातो.

या परंपरेला ब्रायसन डीशँबो याने धक्का दिला. त्याचे सगळे आयर्न एकाच लांबीचे, साधारण ७ नंबरच्या आयर्नइतके. अशाच सेटने त्याने २०२० आणि २०२४ ची अमेरिकन ओपन जिंकली. उभं राहण्याची पद्धत आणि स्विंग प्रत्येक आयर्नला एकच राहतो, हा त्यामागचा विचार. असे सेट आता बाजारातही मिळतात.

*खरेदीची खूण:* दोन कंपन्यांचे ७ नंबरचे आयर्न शेजारी ठेवाल, तर लॉफ्ट वेगळे निघतील. एकाचा ३४ अंश, तर दुसऱ्याचा ३० च्याही खाली. कमी लॉफ्टचा क्लब लांब जातो, म्हणून तो 'भारी' वाटतो. तुलना करताना नंबर पाहू नका, लॉफ्टचे अंश विचारा.

तेंदूची परदेशी बहीण

ड्रायव्हर आणि त्याच्या भावंडांना 'वुड' म्हणतात, कारण त्यांची डोकी खरोखर लाकडाची असत. लाकूड कोणतं? अमेरिकेतल्या पर्सिमॉन झाडाचं. हे झाड आपल्या विदर्भातल्या जंगलातल्या तेंदूच्या कुळातलं. ज्याच्या पानांच्या बिड्या वळतात त्या झाडाचे अमेरिकेतले नातेवाईक जगभरच्या विजेत्यांच्या हातात होते! ही लाकडं कठीण आणि चिवट असतात, म्हणून तो मान त्यांना मिळाला.

१९७९ मध्ये गॅरी ॲडम्स यांच्या टेलरमेड कंपनीने पोलादी डोक्याचा 'वुड' बाजारात आणला. १९९१ मध्ये कॅलवेचा बिग बर्था आला, सुमारे १९० घन सेंटिमीटरचा, आणि त्या काळी तो राक्षसी वाटला. आज टायटॅनियमच्या ड्रायव्हरची कमाल मर्यादा ४६० घन सेंटिमीटर आहे. डोकं मोठं असलं की वजन कडेला पसरतं, आणि चेंडू मधोमध लागला नाही तरी क्लब कमी वळतो. चेंडू आणि ड्रायव्हर एकमेकांना चिकटून असतात ते सेकंदाच्या जेमतेम दोन हजाराव्या भागापुरते. सारा खेळ तेवढ्यात!

*खरेदीची खूण:* ड्रायव्हर घ्यायचाच झाला तर मोठ्या डोक्याचा आणि १०.५ ते १२ अंशांचा घ्या. ९ अंशांचा ड्रायव्हर वेगवान स्विंगसाठी असतो. नवख्याच्या हातात तोच चेंडूला उंची देत नाही, आणि चेंडू डावी-उजवीकडे जास्त पळतो.

बेचाळिशीत खेळ, मग क्रांती

कार्स्टन सोल्हाइम जन्माने नॉर्वेचे, जनरल इलेक्ट्रिक कंपनीत इंजिनिअर. गोल्फला सुरुवात केली ती वयाच्या बेचाळिशीत. पटर काही हातात बसेना. इंजिनिअरच ते, त्यांनी दोष शोधला: वजन मध्यभागी एकवटलंय, म्हणून चेंडू जरा बाजूला लागला की पटर पिळतो. त्यांनी वजन दोन्ही टोकांना नेलं आणि १९५९ मध्ये घरच्या गॅरेजमध्ये पटर तयार केला. चेंडूला लागताना जो 'पिंग' असा आवाज व्हायचा, तेच कंपनीचं नाव झालं. पुढे आयर्नच्या बाबतीतही हेच सूत्र वापरलं गेलं: मागची बाजू पोकळ करून वजन कडांना दिलं. याला 'कॅव्हिटी बॅक' म्हणतात.

*खरेदीची खूण:* नवख्याने आयर्न घ्यायचे ते कॅव्हिटी बॅकच. पातळ, सुबक दिसणारे 'ब्लेड' मुरलेल्या खेळाडूंसाठी असतात. त्यात फटका जरासा चुकला तरी अंतर झपकन घटतं आणि हाताला झिणझिण्या येतात. वय आड येत नाही, याचीही सोल्हाइम खात्री देतात. सुरुवात केव्हाही करा.

निम्मा खेळ पटरचा

हिशोब सोपा आहे. १८ होलचा पार, म्हणजे अपेक्षित फटके, बहुतेक मैदानांवर ७२. प्रत्येक होलला ग्रीनवरचे, म्हणजे होलभोवतीच्या आखूड गवतावरचे, दोन पट (पटरचे फटके) गृहीत धरलेले असतात. म्हणजे ३६, बरोबर निम्मे! याचा सर्वांत देखणा दाखला आपल्याच अदिती अशोकने दिला. टोकियो ऑलिंपिकमध्ये तिचे ड्राइव्ह स्पर्धकांमधल्या सर्वांत आखूड ड्राइव्हपैकी होते. तरीही तिने चौथा क्रमांक मिळवला, पदक एका फटक्याने हुकलं. हे सगळं मुख्यतः पटरच्या जोरावर. अंतिम फेरीच्या सकाळी गोल्फचा गंधही नसलेली कितीतरी भारतीय घरं टीव्हीसमोर बसून होती.

*खरेदीची खूण:* दुकानात सर्वांत जास्त वेळ पटरला द्या. चेंडूवर वाकून उभे राहा: डोळे चेंडूच्या साधारण वर यायला हवेत आणि हात सैल लोंबायला हवेत. तसं होत नसेल तर पटरची लांबी चुकलीय. पटर सपाट दिसला तरी त्यालाही तीन-चार अंशांचा लॉफ्ट असतो, गवतात रुतलेला चेंडू किंचित उचलून पुढे घरंगळावा म्हणून. आणखी एक फायदा: पटरचा सराव घरातल्या सतरंजीवरही होतो.

विमानातून सुचलेला वेज

वाळूच्या खड्ड्याला, म्हणजे बंकरला, मोठमोठे खेळाडू घाबरायचे. क्लबची धारदार कड वाळूत रुतून बसायची. अमेरिकन विजेता जीन सॅराझेन विमान चालवायला शिकत होता. उड्डाण करताना विमानाचा मागचा भाग कसा खाली जातो आणि नाक कसं वर उठतं, हे त्याने पाहिलं आणि त्याला युक्ती सुचली. क्लबच्या तळाला मागच्या बाजूने धातू चढवून त्याने फुगवटा दिला. आता क्लब रुतायच्या ऐवजी वाळूतून सरपटत बाहेर यायचा. १९३२ च्या ब्रिटिश ओपनला तो हाच क्लब घेऊन गेला. अधिकाऱ्यांच्या नजरेस पडू नये म्हणून सरावानंतर तो लपवून ठेवायचो, असं तो सांगायचा. स्पर्धा त्यानेच जिंकली.

*खरेदीची खूण:* त्या फुगवट्याला 'बाउन्स' म्हणतात. सँड वेज ५४ ते ५६ अंशांचा आणि भरपूर बाउन्सचा घ्या. ६० अंशांचा वेज टीव्हीवर छान दिसतो, पण पहिल्या वर्षी त्याची गरज नाही.

युवराजांनी नियम बदलवला

क्लबचे दांडे पूर्वी हिकरी लाकडाचे असत. पोलादी दांड्यांना ब्रिटनमध्ये मान्यता नव्हती. १९२९ मध्ये खुद्द प्रिन्स ऑफ वेल्स सेंट अँड्रूजला पोलादी दांड्याचे क्लब घेऊन खेळले. युवराजांना बाद कोण ठरवणार? त्याच वर्षी पोलादाला परवानगी मिळाली. तरी लाकडाने शेवटचा पराक्रम गाजवलाच: १९३० मध्ये बॉबी जोन्सने एका वर्षातल्या चारही मोठ्या स्पर्धा हिकरीच्या क्लबने जिंकल्या.

*खरेदीची खूण:* दांड्यावरचं अक्षर वाचा. एल आणि ए म्हणजे अधिक लवचीक, आर म्हणजे मध्यम, एस म्हणजे कडक, एक्स म्हणजे फारच कडक. स्विंग संथ असेल तर लवचीक दांडा घ्या. ग्रॅफाइट हलका असतो, पोलाद जड पण टिकाऊ आणि स्वस्त. 'पुरुषांचा', 'बायकांचा' या चिठ्ठ्यांपेक्षा तुमच्या स्विंगचा वेग महत्त्वाचा. उंचीही मोजून घ्या: बूट घालून ताठ उभे राहा, हात सैल सोडा आणि मनगटापासून जमिनीपर्यंतचं अंतर टेपने घ्या. क्लब किती लांब हवेत, हे फिटर त्यावरून सांगतो. पकडीची जाडीही बघा. क्लब धरल्यावर वरच्या हाताची मधली दोन बोटं तळव्याला जेमतेम टेकली पाहिजेत.

लिहायचं एका हाताने, खेळायचं दुसऱ्या

फिल मिकेलसन सगळी कामं उजव्या हाताने करतो, पण गोल्फ डावखुरा खेळतो. लहानपणी वडिलांसमोर उभं राहून आरशातल्यासारखा स्विंग शिकला, तीच सवय लागली. आपला सचिन तेंडुलकर डाव्या हाताने लिहितो आणि उजव्या हाताने फलंदाजी करतो. सौरव गांगुलीचं याच्या उलट. लिहिण्याचा हात आणि खेळण्याचा हात एकच असतो असं नाही.

*खरेदीची खूण:* डावखुरे आहात म्हणून डावखुरा सेट लगेच मागवू नका. आधी दोन्ही बाजूंनी स्विंग करून बघा. रेंजवरचे आणि जुन्या बाजारातले क्लब बहुतेक उजव्यांचे असतात, हेही लक्षात ठेवा. पण अंग डावीकडेच खुलत असेल, तर मात्र डावखुरा सेटच घ्या.

ग्लोव्ह एकच

उजवा खेळाडू ग्लोव्ह घालतो तो फक्त डाव्या हातात. स्विंगमध्ये क्लबवरची मुख्य पकड त्याच हाताची असते. बहुतेक जण पट मारताना तोही काढून ठेवतात, बोटांना अंदाज नीट यावा म्हणून. आणि ग्लोव्हशिवाय भागतच नाही असंही नाही: फ्रेड कपल्सने १९९२ ची मास्टर्स उघड्या हातांनी जिंकली.

*खरेदीची खूण:* ग्लोव्ह कातडीसारखा घट्ट बसला पाहिजे, तळव्यावर सुरकुती नको. मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट हवेत दोन ग्लोव्ह आलटून-पालटून वापरा आणि ओला ग्लोव्ह बॅगेत कोंबण्याऐवजी सावलीत वाळवा.

विष्णूची मूर्ती, रूट कॅनल आणि चेंडू

जुना चेंडू म्हणजे चामड्याच्या पिशवीत ठासून भरलेली उकडलेली हंसाची पिसं. कसलेला कारागीरही दिवसाला तीन-चारच करू शकायचा, त्यामुळे चेंडू प्रचंड महाग. पाऊस आला की तो भिजून फुटायचा. १८४८ च्या सुमारास गट्टापर्चाचा चेंडू आला आणि चित्र पालटलं. मलायाकडच्या झाडांच्या चिकापासून मिळणारा हा पदार्थ गरम पाण्यात मऊ होतो आणि गार झाला की टणक. आख्यायिका अशी, की स्कॉटलंडच्या पॅटरसन कुटुंबाकडे पूर्वेकडून विष्णूची एक मूर्ती आली. ती फुटू नये म्हणून भोवती गट्टापर्चाचे तुकडे भरले होते, आणि त्यातूनच पहिला चेंडू वळला गेला. आख्यायिका खरी असो वा नसो, गट्टापर्चा तुमच्या ओळखीचा आहे. रूट कॅनल झालं असेल तर तो तुमच्या दातात आहे! दाताची मुळं भरायला आजही तोच वापरतात.

ओरखड्यांची करामत

गट्टापर्चाचा नवा गुळगुळीत चेंडू नीट उडत नसे. मार खाऊन ओरखडे पडलेला जुना मात्र सरळ आणि लांब जायचा. खेळाडूंच्या ते ध्यानात आलं, आणि मग चेंडू मुद्दाम टोचून विकले जाऊ लागले. १९०५ मध्ये इंग्लंडच्या विल्यम टेलर यांनी खळग्यांच्या नक्षीचं पेटंट घेतलं. या खळग्यांमुळे हवेचा पातळ थर चेंडूला जास्त वेळ बिलगून राहतो, मागची ओढ कमी होते आणि उलट्या फिरकीमुळे चेंडू वर उचलला जातो. गुळगुळीत चेंडू याच्या जेमतेम निम्मं अंतर जातो. आजच्या चेंडूवर साधारण ३०० ते ५०० खळगे असतात. नियमाने तो ४५.९३ ग्रॅमपेक्षा जड आणि ४२.६७ मिलिमीटरपेक्षा लहान असता कामा नये.

*खरेदीची खूण:* विजेत्यांचे महागडे चेंडू घेऊ नका. साधे 'टू-पीस' चेंडू टिकाऊ असतात आणि सरळ जातात. चेंडू हरवणार, हे धरूनच चला. २०१९ पासून शोधायला फक्त तीन मिनिटं मिळतात. मार्कर पेनने चेंडूवर स्वतःची खूण करा, म्हणजे आपलाच चेंडू आहे हे सांगता येतं.

बर्फात लाल, गवतात नारिंगी

मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयाच्या आवारात जन्मलेले रडयार्ड किपलिंग पुढे अमेरिकेत व्हरमाँटला राहायला गेले. तिथल्या बर्फात पांढरा चेंडू दिसेना, म्हणून त्यांनी चेंडू लाल रंगवून गोल्फ खेळला, असं सांगतात. १९८२ च्या हवाई ओपनमध्ये वेन लेवीने नारिंगी चेंडूने विजेतेपद मिळवलं आणि रंगीत चेंडूला प्रतिष्ठा आली.

*खरेदीची खूण:* आपल्या पावसाळी, दाट गवतात पिवळा किंवा नारिंगी चेंडू पटकन सापडतो. रंगाला नियमाची आडकाठी नाही.

दोन दंतवैद्य आणि एक खुंटी

चेंडू ठेवायची खुंटी, म्हणजे टी, येण्याआधी ओल्या वाळूची छोटी ढिगोळी करून त्यावर चेंडू ठेवत. १८९९ मध्ये बॉस्टनचे दंतवैद्य जॉर्ज ग्रँट यांनी लाकडी टीचं पेटंट घेतलं. गुलामगिरीतून सुटलेल्या आईवडिलांचा हा मुलगा हार्वर्डमध्ये शिकला आणि तिथेच शिकवू लागला. त्यांनी टी विकली नाही, मित्रांना वाटली. १९२० च्या दशकात न्यू जर्सीचे आणखी एक दंतवैद्य विल्यम लॉवेल यांनी लाल टोकाची टी काढली, विख्यात खेळाडू वॉल्टर हेगनला ती वापरण्यासाठी पैसे दिले, आणि टी जगभर गेली.

*खरेदीची खूण:* साध्या लाकडी टी पुरेशा आहेत. ड्रायव्हरसाठी लांब टी, इतक्या उंच की चेंडूचा निम्मा भाग क्लबच्या वर दिसेल. आयर्नसाठी आखूड, जमिनीलगत.

चंद्रावरचा सिक्स आयर्न

६ फेब्रुवारी १९७१. अपोलो १४ चा कमांडर ॲलन शेपर्ड याने ६ नंबरच्या आयर्नचं डोकं माती गोळा करायच्या अवजाच्या दांड्याला जोडलं आणि चंद्रावर दोन चेंडू मारले. स्पेससूट इतका ताठ होता की फटका एका हातानेच मारावा लागला. चेंडू मैलोन्मैल गेल्याचं तो उत्साहाने म्हणाला. २०२१ मध्ये जुन्या छायाचित्रांचा बारकाईने अभ्यास झाला, तेव्हा अंतरं निघाली सुमारे २४ आणि ४० यार्ड.

*खरेदीची खूण:* गुरुत्वाकर्षण सहापट कमी असूनही स्विंग अडला की चेंडू अडतो. म्हणून कपडे खांद्यात आणि कमरेत मोकळे हवेत. अनेक क्लबांत कॉलरचा शर्ट सक्तीचा असतो, आधी विचारून घ्या. बुटांना धातूच्या खिळ्यांऐवजी मऊ प्लॅस्टिकचे खिळे किंवा रबरी तळ पुरतो.

आपल्या मातीतला गोल्फ

ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना गोल्फ क्लब आपल्या देशात, कोलकात्यात आहे, १८२९ सालचा. मुंबईतही १८४२ मध्ये क्लब निघाला होता. नाशिककर ज्याला सवयीने 'गोल्फ क्लब मैदान' म्हणतात, त्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर आता रणजीचे सामने होतात. गोल्फपटू अनिर्बन लाहिरीचा जन्म पुण्याचा, १९८७ चा. आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये पुरुषांत त्याच्या जोडीला होता तो पुण्याचाच उदयन माने.

तर मग, यादी करा

हाफ सेट, शक्य असेल तर जुना. खांद्यावर पेलेल अशी हलकी, पायांवर उभी राहणारी बॅग. स्वस्त टू-पीस चेंडू, मूठभर टी, एक-दोन ग्लोव्ह, आणि ग्रीनवर चेंडू पडून झालेला खळगा बुजवायचं छोटं अवजार. ते विसरू नका, आपण केलेला खळगा आपणच बुजवायचा, हा या खेळाचा संस्कार आहे. बाकी रेंजफाइंडर, उन्हाची छत्री, ढकलगाडी, दुसरा ड्रायव्हर, सगळं नंतर.

पहिल्या वर्षी पैसा क्लबांवर कमी आणि धड्यांवर जास्त खर्च करा. दुसऱ्या वर्षी कोणता क्लब कमी पडतो हे तुमचं तुम्हालाच कळलेलं असेल. तेव्हा फक्त तोच विकत घ्या.